चार एक्स अधिक तीन वाय बरोबर पाचशे सत्तर

तिरप्या रेघेवर काटकोन उभा करायचा, हे माझं आयुष्यभराचं पोटापाण्याचं काम. वाचून कुणाला वाटेल, बाई गवंडीकाम करत होत्या. तसं नाही. मी शाळेत गणित शिकवत होते. आधी काही वर्षं साक्रीला, मग निवृत्तीपर्यंत धरणगावला. आता पिंप्राळ्यात राहते. सकाळी फिरायला निघाले की कुणीतरी स्कूटर थांबवून 'मॅडम, ओळखलं का?' विचारतो. चेहरा आठवत नाही, पण हा कोणत्या पायरीवर चुकायचा ते बरोबर आठवतं.

दहावी-अकरावीला एक गणित असतं. एक रेषा दिलेली, एक बिंदू दिलेला. त्या बिंदूतून जाणारी आणि त्या रेषेला लंब असणारी रेषा शोधा, तिचं समीकरण लिहा. ज्यांची गणिताशी फारकत झालीय त्यांनी पान उलटू नका, दोन मिनिटांचं काम आहे. प्रत्येक तिरप्या रेषेला चढ असतो. चार पावलं सरळ गेल्यावर तीन पावलं वर जात असेल तर चढ तीन छेद चार. लंब रेषेचा चढ काढायचा म्हणजे हा अपूर्णांक उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं. उणे चार छेद तीन. मग ती रेषा दिलेल्या बिंदूतून जायला लावायची. झालं! एवढ्या भांडवलावर मी तीस-बत्तीस वर्षं पगार घेतला.

पण पोरांचं हे एवढंही धड होत नसे. अर्धा वर्ग उलटं करायचा आणि चिन्ह विसरायचा, उरलेला अर्धा चिन्ह बदलायचा आणि उलटं करायला विसरायचा. मी त्यांना 'उलटे' आणि 'चिन्हवाले' अशी नावंच ठेवली होती. साक्रीत एकानं तर कहर केला. आडव्या रेषेचा चढ शून्य. त्याला लंब रेषेचा चढ त्यानं लिहिला पुन्हा शून्य, आणि कंसात कारण दिलं : 'उलटं करून पाहिलं, तसाच दिसतो.' मी लाल पेनानं भलीमोठी फुली मारली. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील बाजाराची पिशवी घेऊन वर्गाच्या दारात उभे. म्हणाले, "मॅडम, तुम्ही सोता उलटा करी देखा ना. शून्यच शे ना?" वही उलटी धरून मी खरंच पाहिलं. मार्क मात्र दिला नाही. मार्कांच्या बाबतीत मी पहिल्यापासून चिक्कू.

निवृत्तीनंतरही सुटका नाही. आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत एका गृहस्थांनी प्लॉट घेतला. रस्ता तिरपा जातो. त्यांना दरवाजा रस्त्याशी काटकोनात हवा होता आणि सूर्योदयाशीही. "तुम्ही गणितवाल्या, तेवढा काढून द्या." म्हटलं, भाऊ, त्यासाठी आधी रस्ता फिरवावा लागेल. तर म्हणे, "मग नगरसेवकाशी बोलू का?" मी हात जोडले आणि घरात गेले.

असे नमुने पुष्कळ आहेत आणि सांगत बसले तर अंक भरेल. पण संपादकांनी विचारलंय, हे लंबरेषेचं समीकरण खऱ्या आयुष्यात कधी कामी आलं का? आलं. एकदाच आलं, आणि त्या दिवशी वाटलं, आलं नसतं तर बरं झालं असतं.

आमच्या संस्थेच्या शाळा धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांत. दर हिवाळ्यात सगळ्या शाळांच्या क्रीडास्पर्धा व्हायच्या आणि त्या वर्षी यजमान होतो आम्ही, धरणगाव. आमचं मैदान जवळजवळ चौकोनी. सरळ शंभर मीटर आखले तर पोरींना थांबायला जागाच उरत नाही, भिंतीवरच जाऊन आपटायच्या. म्हणून आमचे क्रीडाशिक्षक सोनवणे सर शंभर मीटरचा ट्रॅक मैदानात तिरपा घ्यायचे. तिरपं म्हटलं की त्यांना मी आठवायची.

"मॅडम, यंदा नीट गणितानं करून द्या. दरवर्षी अंदाजपंचे होतं."

मी मोठ्या ऐटीत कागद घेऊन मैदानात गेले. रस्त्याकडची भिंत झाली एक्स अक्ष, शाळेच्या इमारतीची भिंत झाली वाय अक्ष, दोन्ही भिंती मिळतात तो कोपरा शून्य. सुरुवातीची खुंटी दोन्ही भिंतींपासून दहा-दहा मीटरवर. तिथून रस्त्याच्या भिंतीला समांतर ऐंशी मीटर आणि त्या भिंतीपासून दूर साठ मीटर गेलं की अंतर बरोब्बर शंभर मीटर भरतं. म्हणजे शेवटची खुंटी नव्वद, सत्तर. ट्रॅकचा चढ तीन छेद चार. आणि शेवटची रेघ, जिच्यावर निकाल लागतो ती, या ट्रॅकला लंब पाहिजे. उलटा, चिन्ह बदल, नव्वद-सत्तरमधून ने. चार एक्स अधिक तीन वाय बरोबर पाचशे सत्तर. कागदावर खाली दोन रेघा ओढून सोनवणे सरांच्या हातात दिला.

"म्हणजे काय करायचं?" सरांनी विचारलं.

"म्हणजे रेघेवरचा कुठलाही ठिपका घ्या. शाळेच्या भिंतीपासूनच्या अंतराची चौपट आणि रस्त्याच्या भिंतीपासूनच्या अंतराची तिप्पट केली की बेरीज पाचशे सत्तर आलीच पाहिजे. नाही आली तर रेघ वाकडी."

"बापरे," सर म्हणाले. मग आम्ही दोघांनी टेप धरून चुन्याची फक्की मारली. सुरुवातीची रेघ त्यांनी त्यांच्या पद्धतीनं, दोरीचा तीन-चार-पाचचा त्रिकोण करून आखली. दोन्ही अगदी सुरेख आल्या.

ती रेघ लंब असण्याचं एवढं कौतुक कशाला, तर सहा पोरी सहा लेनमधून धावतात. शेवटची रेघ तिरकी झाली तर एकीला शंभर मीटरपेक्षा जास्त धावावं लागतं आणि एकीला कमी. नुसतं बघून कळत नाही, आणि धावणारीला तर मुळीच नाही.

संध्याकाळी मंडपवाले रशीदभाई आले. धरणगावात कुठलंही लग्न, मयत, सत्कार असो, मंडप त्यांचाच. त्यांनी पाहुण्यांचा मंडप शेवटच्या रेघेशेजारी उभारला. कडेचे दोन खांब, एक पुढचा, एक मागचा, त्यांनी आमच्या फक्कीच्या रेघेच्या सरळ ओळीत रोवले, म्हणजे पाहुण्यांना खुर्चीत बसल्या बसल्या कोण पहिलं आलं ते दिसेल. डोळा मोठा साफ माणसाचा. सोनवणे सर लांबून बघून म्हणाले, "वा रशीदभाई, मंडप पण लंब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर पोचले. रशीदभाई मागचा खांब उपटून उभे.

"मॅडम, इसके नीचे नळाचा पाइप लागला. पाणी झिरपतंय, खांब हलायला लागला. फूटभर इकडं सरकवतो, चालेल ना?"

मला त्याच वेळी बिल्ल्यांचं खोकं सापडत नव्हतं. म्हटलं, "चालेल की. खांबच आहे." त्यांनी खांब फूटभर सरकवून रोवला आणि जुना खड्डा मातीनं बुजवला. एवढंच झालं. मग धूळ उडू नये म्हणून पाण्याचा टँकर आला आणि त्यानं मैदानाबरोबर आमची शेवटची रेघही धुऊन काढली. पाहुणे फाटकात आलेले, मी त्यांच्या स्वागताला तिकडं, त्यामुळं हे सगळं मला नंतर कळलं. सोनवणे सर धावत आले. माझा कागद कुठं ठेवला ते त्यांना आठवेना. पण खुंटी जागेवर होती आणि मंडप आदल्या दिवशी रेघेच्या ओळीत लागला होता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मंडपाच्या दोन खांबांवरून दोरी ताणली, खुंटीवरून पलीकडं नेली आणि फक्की मारली. तर्क शंभर टक्के बरोबर होता हो! फक्त मधल्या वेळात खांब सरकला होता, आणि ते त्यांना माहीत नव्हतं.

मुलींची शंभर मीटरची अंतिम शर्यत ही त्या दिवसाची खरी शर्यत. कारण संस्थेच्या धुळ्याच्या क्रीडा वसतिगृहात मुलींच्या दोन जागा होत्या. पहिल्या दोघींना राहणं, जेवण, पुढचं शिक्षण, वर रोज सकाळ-संध्याकाळ प्रशिक्षक. आमच्या शाळेची दिपाली पहिल्या लेनमध्ये होती. माझ्याच दहावीच्या वर्गातली. वडील नाहीत, आई जिनिंगमध्ये कापसाच्या कामाला. ही पोर रोज पहाटे चोपड्याच्या रस्त्यावर पळायची आणि मग पहिल्या तासाला माझ्यासमोर डुलक्या घ्यायची. मी खडू फेकून मारायचे. गणितात ती 'चिन्हवाली'. सहाव्या लेनमध्ये साक्रीकडच्या डोंगरातल्या एका गावाची जयवंती. तिच्या शाळेत बाई शिक्षिका नव्हती, म्हणून सोबत तिची आत्या आली होती. आत्यानं सकाळीच मला सगळं सांगून टाकलं होतं. गावात शाळा दहावीपर्यंतच. पुढं साक्रीला रोज जाणं-येणं जमायचं नाही. वसतिगृहात नंबर लागला तर पोर शिकेल, नाहीतर वडिलांनी स्थळं बघायला सुरुवात केलीच आहे.

शिट्टी झाली. जळगावच्या एका शाळेची मुलगी सरळ पुढं निघाली, तिचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या जागेसाठी एका कडेला आमची दिपाली, दुसऱ्या कडेला जयवंती. फितीजवळ दोघी एकदम आल्यासारख्या वाटल्या. पंचांनी हात वर केला : दिपाली दुसरी, छातीभराच्या फरकानं. मी खुर्चीवरून उठून नाचायचीच बाकी होते. कुणीतरी लगेच मोबाईलवर व्हिडिओ टाकला, 'धरणगावची कन्या वसतिगृहात', आणि तो गावभर गेला.

एवढ्यात आत्या ट्रॅकमध्ये घुसली.

"मनी पोर मांगे नव्हती! मी मना डोयाघाई देखं!"

सोनवणे सरांनी समजावलं, पंचांनी समजावलं, व्हिडिओ दाखवला. व्हिडिओत स्पष्ट दिसत होतं, दिपालीनं रेघ आधी ओलांडली. आत्या काही ऐकेना, तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी मीच तिचा दंड धरून मंडपात आणलं, पाण्याचा पेला हातात दिला. म्हटलं, "बसा अक्का. पोरगी छान धावली, पण हार-जीत आहेच की." ती खुर्चीवर बसली नाही, खालीच बसली, मागच्या खांबाला टेकून. आणि खांबाशेजारी मला बुजवलेला खड्डा दिसला.

मी त्या खड्ड्याकडं पाहिलं. मग खांबाकडं. मग पुढच्या खांबाकडं आणि त्याच्या ओळीत पलीकडं गेलेल्या पांढऱ्या रेघेकडं. खांब सरकलाय, तर रेघ अजून खांबांच्या ओळीत कशी? म्हणजे रेघ सकाळी पुन्हा आखली होती, आणि तीही या सरकलेल्या खांबावरून.

खरं सांगते, पहिला विचार आला तो 'राहू दे' असाच. खांब सरकला हे गावात दोनच माणसांना माहीत होतं, मला आणि रशीदभाईंना. रशीदभाईंना त्याचा अर्थ माहीत नव्हता. मी गप्प बसले असते तर ब्रह्मदेवालासुद्धा कळलं नसतं. समोर दिपाली तिच्या मैत्रिणींच्या गळ्यात पडून रडत-हसत होती. दोन वर्षांत पोरीला मी एवढं खूश पाहिलं नव्हतं. इकडं आत्या पेला हातात धरून बसली होती, पाणी पीत नव्हती.

"रशीदभाई, टेप धरा," मी म्हटलं.

सहाव्या लेनच्या बाहेरच्या कडेशी जिथं रेघ संपत होती, तो ठिपका आम्ही मोजला. शाळेच्या भिंतीपासून शहाऐंशी. रस्त्याच्या भिंतीपासून शहात्तर आणि वर थोडं. चौपट केली, तिप्पट केली, बेरीज केली. पाचशे साडेबहात्तर. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. अडीच जास्त, ते पाचानं भागायचे, तीन-चार-पाचातल्या पाचानं. म्हणजे त्या कडेला रेघ अर्धा मीटर पुढं गेली होती. खुद्द जयवंतीच्या पायाखाली धरलं तरी पोर हातभर जास्त धावली होती. आणि हरली होती छातीभरानं.

सोनवणे सरांचा चेहरा पडला. मग एकदम उजळला. "मॅडम! सुरुवातीची रेघ पण तशीच तिरपी असेल तर? मग अंतर सगळ्यांना सारखंच!" आणि दोरी घेऊन पळाले. मीही मनातल्या मनात म्हणाले, देवा, तिरपी निघू दे. आयुष्यात पहिल्यांदा मी वाकड्या रेघेसाठी नवस बोलत होते. सरांनी त्रिकोण लावला, दोनदा लावला, आणि हात खाली सोडले. सुरुवातीची रेघ काटकोनात चोख. सोनवणे सरांचं काम उत्तम, त्याचाच घोळ झाला.

मुख्याध्यापकांकडं गेलो. स्पर्धेचे प्रमुख तेच. त्यांनी सगळं ऐकलं, दार लोटून घेतलं.

"चौधरी मॅडम, आपलीच पोरगी आहे ना?"

"हो सर. माझ्याच वर्गातली."

"मग हातभराचं काय घेऊन बसलात? कुणी मागितलंय का मोजमाप? पाहुणे जेवायला बसलेत. उद्या लोक म्हणतील धरणगाववाल्यांना साधी रेघ आखता येत नाही."

"ते तर म्हणतीलच. रेघ वाकडी ठेवून निकाल खाल्ला, असं नको म्हणायला."

"आणि दिपालीला कोण सांगणार?"

उत्तर दारातून आलं. पाण्याची बाटली घेऊन दिपाली उभी होती, लोटलेलं दार तिनं ढकललं होतं. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"मॅडम, ती किती जास्त पळाली?"

मी हात पुढं केला, कोपरापासून बोटांपर्यंत दाखवला. तिनं माझ्या हाताकडं बघितलं, मग माझ्याकडं. डोळे भरले तिचे. मला वाटलं, आता ही रडेल, आणि रडली असती तर मीच म्हणाले असते, जाऊ दे सर, निकाल तसाच ठेवा. पण ती रडली नाही, चिडली.

"मग परत घ्या ना शर्यत! अशी जागा देऊन ठेवली तर तिथं सगळ्या मला काय म्हणतील?"

मुख्याध्यापकांनी डोक्याला हात लावला आणि "घ्या" म्हणाले.

दुसऱ्या जागेसाठी दोघींचीच शर्यत, दुपारी उन्हं कलल्यावर. शेवटची रेघ मी स्वतः आखली. तीन ठिपके घेतले, तिन्हींची बेरीज पाचशे सत्तर. सोनवणे सर फक्की घेऊन मागे, रशीदभाई टेप घेऊन पुढे. आत्या बाजूला उभी राहून आमच्याकडं संशयानं बघत होती. म्हणाली, "इतलं मोजीसनी काय करतस तुम्ही?" म्हटलं, "अक्का, सकाळी मोजायचं राहिलं होतं." दोघींना मधल्या, शेजारशेजारच्या लेन दिल्या.

शिट्टी झाली. अर्ध्यापर्यंत दिपाली पुढं होती. मी ओरडत होते, कुणाचं नाव घेऊन ते विचारू नका, दिपालीचंच घेत होते. मग ती डोंगरातली पोर सुटली. शेवटच्या वीस-पंचवीस मीटरमध्ये ती अशी काही पळाली की पंचांना वाकून बघायची गरजच पडली नाही. रेघ ओलांडून गेल्यावरही थांबेना, आत्यानं तिला जाऊन मिठीत धरली. आत्या मोठमोठ्यानं रडत होती. दिपाली रेघेच्या पलीकडं गुडघ्यांवर हात टेकून उभी होती. मग सरळ झाली, जयवंतीपाशी गेली, तिच्या खांद्यावर थाप मारली आणि आमच्याकडं न बघता बुटाच्या नाड्या सोडायला बसली.

बक्षीस समारंभ उरकला. सगळे पांगले. मी पर्स उचलली तर दिपाली समोर.

"मॅडम, घरी तुम्ही चला. आईला मला नाही सांगता येणार."

तिचं घर बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत. वाटेत बोलायला मी दोन-तीनदा तोंड उघडलं, पण जे सुचलं ते मलाच पटेना. तिनं चांगलं केलं, असं म्हणायचं? चांगलं करायला तिला भाग मी पाडलं होतं. मला वाईट वाटतंय म्हणायचं? जागा तर तिची गेली होती. चौकातला पानवाला ओरडला, "दिपाली, अभिनंदन!" तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सकाळचा व्हिडिओ गावभर फिरलाय आणि दुपारचा कुणीच टाकलेला नाही.

गल्लीत शिरलो तर दारात बायका जमलेल्या. दिपालीची आई जिनिंगमधून लवकर सुट्टी घेऊन आली होती. केसांत कापसाचे तंतू तसेच, अंगावर नवी साडी. हातात पेढ्यांचं खोकं. मला पाहिल्याबरोबर पुढं आली, मी काही बोलायच्या आत पेढा माझ्या तोंडात कोंबला.

"तुमच्यामुळं झालं मॅडम. तुमच्यामुळंच."

आता सांगा, तोंडात पेढा असताना असली बातमी कशी सांगायची? तो गिळवेना आणि थुंकवेना. मी नुसती मान हलवत राहिले. बायकांना वाटलं, बाई आनंदानं गहिवरल्या. शेवटी माझ्या मागून दिपालीच म्हणाली, "आई, मी तिसरी आले."

"काहीतरी काय! मोबाईलवर बघितलं मी."

"ती रेघ वाकडी होती. मॅडमनी मोजून काढली. मग परत पळालो. ती पोरगी खरंच जोरात पळते."

आई माझ्याकडं बघत राहिली. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. तिला ते समजतच नव्हतं.

"तुम्ही काढलं, मॅडम?"

मी पेढा कसाबसा गिळला. "हो."

"दुसऱ्या कुणाला दिसलं होतं?"

"नाही."

"मग तुम्हाला गप्प बसता नाही आलं का हो?"

इतक्या वर्षांत मला कुणी विचारलेला हा सगळ्यात अवघड प्रश्न. वर्गात मी कुठल्याही प्रश्नाला पायऱ्या पाडून उत्तर द्यायची. इथं "नाही आलं," एवढंच म्हटलं. "माझं चुकलं असेल तर मला बोला. पोरीला बोलू नका."

ती ओट्यावर बसली. खोकं मांडीवर. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या, दोघी-तिघी हळूच सटकल्या. खोक्यात पेढे अजून बरेच होते, अर्धी गल्ली वाटायची राहिली होती.

"आता ह्यांचं काय करू मी?" आई म्हणाली. ते मला नव्हतं, दिपालीला नव्हतं, कुणालाच नव्हतं.

दिपालीनं पायातले बूट भिंतीशी काढून ठेवले. आईच्या मांडीवरचं खोकं उचललं.

"वाटू या. दोन जिल्ह्यांत तिसरी आले मी. काय कमी आहे?"

आणि गेलीसुद्धा, अनवाणीच. आम्ही दोघी ओट्यावर बसून ऐकत राहिलो. पहिलं दार वाजलं, मग तिचा आवाज आला. "काकू, पेढा घ्या. मी तिसरी आले." दुसरं दार वाजलं. "आजी, पेढा घ्या. तिसरी आले." तिसऱ्या दाराशी कुणीतरी विचारलं, अगं, दुसरी ना? तर ती ठणकावून म्हणाली, "नाही. तिसरी. नीट मोजून." तेव्हा तिच्या आईनं माझा हात धरला आणि मला रडू फुटलं.